हळदीच्या कुकरवरची मास्तरीणबाई

वाशीमला आमच्या गल्लीत मी 'घरी बसून कॉम्प्युटर शिकवते' म्हणून ओळखली जाते. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी आई आपल्या लेकराला घेऊन येते आणि विचारते, टायपिंग किती दिवसात होईल? खरं म्हणजे मी कॉम्प्युटर शिकवत नाही, कॉम्प्युटरला शिकवायला शिकवते. हे वाक्य मी एकदा शेजारच्या काकूंना ऐकवलं, तर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पोह्याची बशी पुढं सरकवली.

माझी कंपनी पुण्याची, लहानशी. मी वाशीमच्या घरी वरच्या खोलीत बसून तिचं काम करते. आम्ही शिकवणाऱ्या प्रणाली बनवतो, पण एकेकट्या विद्यार्थ्यासाठी नाही, टीमसाठी. एकट्या माणसाला शिकवणारा कॉम्प्युटर बनवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. तो कुठं अडला, का अडला, पुढचं उदाहरण सोपं द्यायचं की कठीण, हे त्याच्याच उत्तरांवरून कळतं. टीमचं तसं नसतं. चौघंही आपापल्या कामात तरबेज असतात आणि तरी घोटाळा होतो. मग कॉम्प्युटरनं रागवायचं कोणाला? चूक चौघांपैकी कोणाच्याच डोक्यात नसते. एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं ऐकलं, या दोहोंच्या मधे कुठंतरी ती पडलेली असते. ती तिथून उचलून त्यांना दाखवायची, हे आमच्या प्रणालीचं काम.

पहिल्या चाचणीसाठी पुण्याच्या आमच्या प्रमुख मॅडमना खरीखुरी टीम हवी होती.

"वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली हवी," त्या फोनवर म्हणाल्या. "आणि काम जरा धोक्याचं असावं. नुसत्या फायली सरकवणारी माणसं नकोत."

"आहे अशी टीम," मी म्हणाले. "माझ्या दोन मामांचा हळदीचा कुकर आहे. दोन मामा, दोन मामी, चौघं मिळून चालवतात."

"सख्खे भाऊ? मग समन्वय छानच असेल."

"बघण्यासारखा आहे," मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. त्या दोन भावांमध्ये अबोला आहे, एवढंच मी सांगितलं नाही.

मामाचं गाव रिठदच्या पलीकडं. तिकडं हळद बरीच होते, आणि काढलेली हळद शिजवल्याशिवाय वाळवता येत नाही. मामांचा कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढायचा एक लोखंडी गाडा. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, आणि बाजूला मोठे ड्रम. टाकीतली वाफ नळीतून ड्रममध्ये सोडायची की आतली कच्ची हळद शिजते. वाफ सोडायच्या आणि बंद करायच्या चावीला सगळे कॉक म्हणतात. मोठे मामा भट्टी आणि पाणी बघायचे. धाकटे मामा कॉकवर. मोठी मामी ड्रम भरायची आणि धाकटी मामी झाकण उघडून शिजलेली हळद खाली ओढायची. हंगामात आजूबाजूच्या शेतकऱ्यांची हळदही हेच चौघं शिजवून द्यायचे.

अबोल्याचं कारण मीठ. धाकट्या मामांच्या मुलीच्या साखरपुड्यात मोठे मामा पाहुण्यांच्या पंगतीत बसले होते. पहिला घास घेतला आणि व्याह्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "वरन खारट झालं ना राजेहो." मोठ्या मामांना जे वाटतं ते तोंडातून निघतं, मधे कुठं थांबत नाही. धाकट्या मामांचं उलटं आहे. त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही. ते त्या दिवसापासून भावाशी बोलायचे थांबले. मग मोठ्यांनीही ठरवलं, तो नाही तर मी कायले?

पण शेत सामायिक, कुकर सामायिक. काम तर करावंच लागायचं. तेव्हा सगळे निरोप मोठ्या मामीमार्फत जायला लागले. मी स्वतः पाहिलंय. दोघं भाऊ हातभर अंतरावर उभे. मोठे मामा भट्टीत बघत म्हणायचे, "त्याले सांग, वाफ धरली." मोठी मामी ड्रमपाशी हळद भरता भरता ओरडायची, "भाऊजी, हे म्हंतेत वाफ धरली." धाकटे मामा कॉक फिरवून म्हणायचे, "त्याईले म्हना, कॉक खोलला." मामी पुन्हा ओरडायची, "अवो, कॉक खोलला म्हंतेत भाऊजी!" मोठ्या मामांनी ते आधीच ऐकलेलं असायचं, पण मामीकडून येईपर्यंत ते ऐकलं नाही असं धरायचे. धाकटी मामी तर भासऱ्याशी म्हणजे मोठ्या मामांशी कधीच थेट बोलत नसे, तो तिचा लग्नापासूनचा रिवाज. तीही जे काय ते जाऊबाईला सांगायची.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, मागच्या हंगामापर्यंत. त्या हंगामात एकदा कॉक बंद व्हायच्या आधीच ड्रमचं झाकण उघडलं गेलं आणि धाकट्या मामीचा हात वाफेनं भाजला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. हात बरा झाला, डाग राहिला. कोण चुकलं यावर घरात कोणी बोललं नाही. बोलणार कसं, बोलायचंच बंद होतं. मी तिला दवाखान्यात भेटून परतताना स्कूटीवर ठरवलं होतं की माझी प्रणाली मी आधी इथं लावणार. मग पुण्याला काय सांगायचं ते सांगू.

हळद निघायला अजून अवकाश होता, तेव्हा मी चार टॅब घेऊन मामांकडं गेले. गोठ्याला लागून एक मोकळी छपरी आहे, तिथं चार खुर्च्या मांडल्या. प्रत्येकाच्या टॅबवर त्याचं त्याचं काम: एकाला भट्टी, एकाला कॉक, दोघींना ड्रमची दोन टोकं. खोटा कुकर, खरी माणसं. कानाला हेडफोन, तोंडापाशी माइक. प्रणाली चौघांचं बोलणं ऐकणार, कोणी कोणाला काय सांगितलं, ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवलं का, हे बघणार, आणि गरज पडली तर बोलणार. तिचा आवाज बाईचा आणि भाषा पुस्तकी. मोठ्या मामीनं पहिल्याच दिवशी तिला 'मास्तरीणबाई' म्हणायला सुरुवात केली.

"नमस्कार," मास्तरीणबाई म्हणाली. "आज आपण हळद शिजवण्याचा सराव करणार आहोत. सर्वजण तयार आहात का?"

"हाव बाई," मोठे मामा टोपी नीट करून म्हणाले.

मोठ्या मामीनं टॅबवर बोट ओढून ड्रम भरला आणि नेहमीसारखी ओरडली, "हयद भरली!"

आमच्याकडं 'ळ' जिभेवर टिकत नाही. त्याचा 'य' होतो. मी मास्तरीणबाईला वऱ्हाडी शिकवायला मामीचं कितीतरी बोलणं आधी रेकॉर्ड करून नेलं होतं, पण ते कमी पडलं.

"हृदय भरले," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाली. "धन्यवाद. हृदय शिजल्यावर कृपया कळवा."

धाकटी मामी भासऱ्यासमोर हसायचं नाही म्हणून तोंडात पदर कोंबून बसली होती. तेही जमेना, तेव्हा ती हेडफोनसकट उठून म्हशीच्या आडोशाला गेली. इकडं मोठ्या मामांना वाटलं आपणही कामाचं काही सांगावं. जाळ म्हणजे त्यांच्या तोंडी जाय.

"जाय कमी झाला," ते म्हणाले.

"कोणाला कुठे जायचे आहे?"

"मले?" मामा विचारात पडले. "मी कुठं जातो बाई आता, या वयात?"

त्या दिवशी सराव तेवढाच झाला. मी वाशीमला परत आले आणि मास्तरीणबाईच्या कानात हयद, जाय, सगयं आणि डोये भरत बसले.

पुढच्या खेपेला ती बरीच सुधारली होती. चौघांनी दोन-तीन ड्रम नीट शिजवले. प्रणालीनं कोण कोणाशी बोललं याचा नकाशा काढला: चार ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, जास्त बोलणं तिथं जाड रेघ. सगळ्या रेघा मोठ्या मामीच्या ठिपक्यातून निघत होत्या आणि तिथंच परत येत होत्या. दोन मामांच्या ठिपक्यांमध्ये रेघच नव्हती. तो नकाशा पाहून मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मामीशी व्हिडिओवर बोलायचा हट्ट धरला. मी फोन मामीसमोर धरला.

"तुमच्यात नेतृत्वाचा उपजत गुण आहे," मॅडम म्हणाल्या. "संपूर्ण टीम तुमच्याभोवती फिरते."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हंते व?"

"तू लीडर हायेस म्हणते."

"मी कायची लीडर व बाई?" मामी फोनमध्ये बघून मोकळेपणानं म्हणाली. "हे दोघं भाऊ एकामेकाशी बोलत नाई, म्हनून मी बोलतो. जीभ झिजून गेली माही."

मी फोन उलटा केला आणि मॅडमना सांगितलं की नेट गेलं. नेट मामांच्या गावात जातंच, कोणी शंका घेत नाही.

आमच्या प्रणालीत एक सराव असा असतो की टीममधला एक माणूस अचानक नाहीसा होतो. बाकीच्यांनी सावरायचं. माणूस निवडायचं काम प्रणाली स्वतः करते आणि साहजिकच ती ज्याच्यावर सगळा भार आहे त्यालाच उचलते.

"मोठ्या मामी सध्या उपलब्ध नाहीत," मास्तरीणबाईनं जाहीर केलं.

"अवो, मी इथंच तर बसली हाव!"

"मामी, तू खेळातून गेलीस," मी म्हणाले. "ऊठ, बाहेर जा."

मामी उठली. मला वाटलं ती रुसेल, पण ती हिरव्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसली आणि आमच्याकडं तोंड करून घाटे सोलून खायला लागली. नाटकाला बसल्यासारखी.

छपरीत तिघं उरली. पडद्यावरची वाफ चढत होती. मोठे मामा सवयीनं म्हणाले, "त्याले सांग—" आणि थांबले, कारण सांगायला कोणी नव्हतं. धाकटी मामी पदर चाचपत बसली. धाकट्या मामांनी घसा खाकरला. मग ते टॅबवर वाकले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "मास्तरीणबाई, त्याईले सांगा, जाय जास्त झाला."

मी कपाळाला हात लावला. कोणी माहिती दिली तर ती टीमपर्यंत पोचवायची, असा नियम मीच लिहून ठेवला होता.

"जाळ जास्त झाला आहे, असे कळवण्यात आले आहे," मास्तरीणबाई म्हणाली.

"कोनं कळवलं ते इचारा," मोठे मामा म्हणाले.

"ही माहिती कॉकवरील सदस्याने दिली आहे."

"त्याले म्हना, मले डोये हाय."

"भट्टीवरील सदस्याला डोळे आहेत," मास्तरीणबाईनं धाकट्या मामांना कळवलं.

निंबाखालून मामीच्या हसण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून तिला बढतीवर निवृत्ती मिळाली. दोघं भाऊ मास्तरीणबाईमार्फत बोलायला लागले आणि काम आधीपेक्षा बरं चालायला लागलं, कारण ही बाई थकत नव्हती आणि मधेच हळद भरायला वाकत नव्हती. सरावाचे गुण वाढले. मॅडमना मात्र आता काळजी वाटली.

"टीम प्रणालीवर टेकली आहे," त्या म्हणाल्या. "शिकवणारा उठून गेला की हे कोलमडतील. मदत हळूहळू काढून घ्यायला हवी."

त्यांचं बरोबर होतं. शिकवणाऱ्या कॉम्प्युटरची ही जुनीच अडचण आहे. त्यानं उत्तर सुचवत राहिलं तर माणूस उत्तराची वाट बघायला शिकतो. मदत आधी अर्धी, मग पाव, मग बंद, असं करायचं असतं. मी मात्र हळूहळूच्या भानगडीत पडले नाही. वाशीमच्या घरी खाली भाताच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत बसून मी निरोप पोचवायचा नियमच काढून टाकला आणि त्या जागी एक नवा टाकला. टाकताना मला फार मजा आली, हे मॅडमना कळवायचं कारण नव्हतं. मोठ्या मामीला मात्र मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "थांब, त्या दिवशी मी घाटे जास्तीचे आनून ठेवतो."

पुढच्या सरावाला मामी पुन्हा 'अनुपलब्ध' झाली, या वेळी माझ्या हुकमानं. ती निंबाखाली गेली. वाफ चढायला लागली.

"मास्तरीणबाई," धाकटे मामा म्हणाले, "त्याईले सांगा, टाकीतलं पानी पाहा."

"हे आपण त्यांना थेट सांगू शकता."

"तुमीच सांगा ना."

"ते आपल्या शेजारीच बसले आहेत."

धाकटे मामा माझ्याकडं बघायला लागले. मी एका चार्जरची वायर सोडवण्यात गुंतले. मोठे मामा म्हणाले, "बाई, त्याले म्हना, पानी मी पाहून राह्यलो."

"हे आपण त्यांना थेट सांगू शकता."

"बिघडली वाट्टे," मोठे मामा मला म्हणाले.

"नाही मामा, बरी आहे."

पडद्यावर वाफेच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला. धाकट्या मामीच्या टॅबवर ड्रमचं झाकण होतं. ते उघडायची वेळ झाली होती, पण वाफ बंद झाली की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं. तिनं निंबाकडं पाहिलं. मोठ्या मामीनं मुद्दाम पाठ फिरवली. धाकट्या मामीचं बोट झाकणाकडं गेलं. ते मोठ्या मामांनी पाहिलं.

"अबे, कॉक बंद कर ना!" ते ओरडले.

गोठ्यातल्या म्हशीनंही मान वळवली. धाकटे मामा पाय भाजल्यासारखे उभे राहिले.

"कसा बंद करू? आंधी जाय काहाडा तुमी! टाकी फुटून राह्यली!"

"जाय मले नोको शिकवू. तुह्या आंधीपासून कुकर चालवून राह्यलो मी!"

"चालवून राह्यले म्हनूनच हिचा हात भाजला!"

"मी 'बंद कर' म्हनलं होतं तवा!"

"मले नाई आइकू आलं!"

"तुले कसं आइकू येईन? तुले फक्त वरनातलं मीठ आइकू येते!"

"मीठ मी नाई काहाडलं, तुमी काहाडलं! पाहुन्याईसमोर! मीठ बराबर होतं!"

"खारट होतं!"

"तुमी लोनचं कालवलं होतं त्यात! मंग खारट नाई लागन तर काय गोड लागन?"

"लोनचं? मी लोनचं खातच नाई!"

"खाता!" निंबाखालून मोठी मामी ओरडली. "रोज खाता!"

मोठे मामा निंबाकडं वळले. नेमकं तेव्हाच मास्तरीणबाईनं आपलं मत दिलं. तिला मीठ कळत नव्हतं, लोणचं कळत नव्हतं. कोणी कोणाला उद्देशून बोललं आणि त्याला लगेच उत्तर मिळालं का, एवढंच तिला मोजता येत होतं.

"अतिशय छान," ती म्हणाली. "थेट संवाद उत्तम. प्रत्येक वाक्याला तत्काळ प्रतिसाद मिळाला. आजवरची सर्वोत्कृष्ट कामगिरी."

"तू चूप बस व!" दोघं भाऊ एका सुरात म्हणाले.

आणि टाकी फुटली. पडद्यावर. 'सराव संपला' असं आलं.

मी हसू दाबत होते, पण हसायची वेळ टळून गेली होती. मोठे मामा खाली बसले. त्यांची नजर धाकट्या मामीच्या हातावरच्या डागावर होती. तिनं पदरानं तो झाकला.

"मी 'बंद' म्हनलं होतं," ते पुन्हा म्हणाले, आता कोणालाच नाही.

धाकटी मामी खाली बघत होती. लग्नापासून ती या माणसाशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. "म्हनलं असन तुमी," ती म्हणाली. "पर जाऊबाईच्या तोंडून येईस्तोवर मी झाकन उघडून बसली होती."

हात भाजला त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, हे पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं. एकाचा शब्द निघाला होता, दुसऱ्यानं तो ऐकला नाही असं धरलं होतं, आणि निरोप अर्ध्या वाटेवर असताना वाफ बाहेर आली होती. चौघांपैकी कोणीच आपल्या कामात चुकलं नव्हतं.

मोठे मामा टॅब जवळ ओढून मला म्हणाले, "लाव व पोरी तुही मशीन पुन्हा."

त्या दुपारी त्यांनी ऊन उतरेपर्यंत सराव केला. बोलणं अगदी तुटक. "वाफ धरली." "धरली. खोलला." "बंद?" "बंद केला." मामी हरभरा संपवून परत आली आणि तिच्या जागेवर बसली. कोणी तिच्यामार्फत काही पाठवलं नाही.

भांडणाचं सगळं बोलणं प्रणालीनं लिहून पुण्याला पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन आला.

"एक प्रक्रिया आपल्याकडून सुटली आहे," त्या म्हणाल्या. "हळद शिजवताना मीठ घालतात का? टीमनं तो मुद्दा फार ठासून मांडलाय. आणि लोणच्याचा नेमका टप्पा कोणता?"

मी म्हणाले की ती या कुटुंबाची खास पद्धत आहे, सगळीकडं नसते. त्यांनी ते मान्य केलं.

होळी झाली आणि हळदीचा खरा हंगाम लागला. मी सुट्टी टाकून मामांकडं गेले. आता मास्तरीणबाईला बोलायची परवानगी नव्हती, तिनं नुसतं ऐकायचं होतं. चौघांच्या गळ्यात माइक अडकवले आणि मी बाजूला उभी राहिले. भट्टी पेटली, ड्रम भरले, वाफ धरली. ड्रमच्या तोंडातून वाफ यायला लागली आणि शिजलेल्या हळदीचा वास सुटला, तेव्हा धाकटी मामी झाकणापाशी गेली. हात लावायच्या आधी तिनं मोठ्यानं विचारलं, "कॉक बंद?" प्रश्न कोणालाच उद्देशून नव्हता. दोघा भावांनी एकदमच उत्तर दिलं, "बंद!" मग तिनं झाकण उघडलं आणि पिवळीधमक हळद धुरकट वाफेसकट खाली आली. तो हंगाम कोणाचा हात न भाजता गेला.

भावांचं जुळलं, असं मात्र म्हणता येणार नाही. कुकरपाशी ते बोलायचे. वाफ, जाय, कॉक, पानी, बंद, एवढेच शब्द. जेवायला निंबाखाली आले की एक इकडं तोंड करून बसायचा, एक तिकडं. मी धाकट्या मामांना विचारलंसुद्धा, "मामा, तिथं बोलता, मग इथं काहून नाही?" ते म्हणाले, "तिथं काम असते. इथं काय काम हाय?"

खरी अडचण मोठ्या मामीची झाली. एवढी वर्षं जीभ झिजली म्हणणारी ती बाई, आता तिला करमेना. पूर्वी दोन्ही घरातली बारीकसारीक गोष्ट तिच्या कानावरून जायची. आता तिच्याकडं कोणी काही आणत नव्हतं.

"मले काही सांगतच नाई कोनी आता," ती एकदा ड्रम भरताना मला म्हणाली. "तुह्या मास्तरीणबाईनं माही नवकरी खाल्ली."

हंगाम संपत आला होता. मी भट्टीपाशी मोठ्या मामांजवळ उभी होते. ते धुरानं नाक शिंकरत होते, बाकी त्यांचं काही चाललं नव्हतं. मोठी मामी हात झटकून उठली, आमच्या बाजूनं गेली आणि पलीकडं कॉकवर उभ्या असलेल्या धाकट्या मामांना म्हणाली, "भाऊजी, हे म्हंतेत, तुमच्यासारखा कॉकवरचा मानूस पंचक्रोशीत नाई."

मी मोठ्या मामांकडं पाहिलं. त्यांनी असलं काही म्हटलं नव्हतं. आयुष्यात कधी म्हटलं नसेल.

धाकट्या मामांनी कॉकवरचा हात काढला नाही, पण मान खाली घातली. मग म्हणाले, "त्याईले म्हना, जाय बी बराबर होता यंदा."

मामी परत आली. चार पावलांच्या वाटेत निरोप बराच वाढला होता. "आइकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली. "भाऊजी म्हंतेत, दादासारखा जाय लावनारा दुसरा जन्माले याचा हाय अजून."

"म्हनू दे," मोठे मामा म्हणाले आणि भट्टीत उगाच एक लाकूड सरकवलं. मग पाठ ताठ केली, टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

मामीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या गळ्यातल्या माइककडं पाहिलं. प्रणालीच्या हिशेबानं जो निरोप मुळात कोणी दिलाच नाही तो पोचवणं ही मोठी चूक होती. असल्या चुकीसाठी मी एक वेगळा नियम लिहायला हवा होता. मॅडमना हे दिसलं असतं तर त्यांनी तो लगेच लिहायला लावला असता.

"हे तुह्या मशीनीत घालू नोको," मामी हळू आवाजात म्हणाली.

मी तिच्या माइकची वायर काढली. ती गुंडाळून खिशात ठेवेपर्यंत मामी पदर खोचून पुढचा निरोप घेऊन कॉककडं निघालीही होती, आणि मोठ्या मामांनी तो द्यायला अजून तोंडही उघडलं नव्हतं.